कुसुमच्या एका घासासाठी तीन बर्गर

बर्गर खायला जायचं हे खूळ कुसुमचं. मला विचाराल तर बर्गर म्हणजे उगाच फुगलेला वडापाव. पण तिनं हट्टच धरला.

कुसुम माझी बेटेगावची शेजारीण, मूळची सांगलीकडची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी माझ्यासारखीच इकडे आली आणि इकडचीच झाली. आमच्यातली तिसरी हंसा, घिवलीची, जिभेला हाड नसलेली. आम्ही तिघींनी एकाच पायरीवर बसून वर्षानुवर्षं मिश्री लावली. बाधली ती एकट्या कुसुमला. तिचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, आणि आत गाठ निघाली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं, एका बाजूचा जबडा काढायचा होता.

"नातवंडं बर्गर मागवतात तेव्हा मी चमच्यानं कुस्करून खाते," ती म्हणाली. "एकदा दातांनी तोडून खायचाय. मग डॉक्टरला काय कापायचं ते कापू दे."

सकाळी बोईसरहून एसटीनं पालघर गाठलं. रस्त्यात खड्डे फार, प्रत्येक आदळ्याला कुसुम गालाला हात लावायची. स्टेशनजवळचं बर्गरचं दुकान कॉलेजच्या पोरापोरींनी भरलेलं. खुर्च्या उंच, गुडघे दुखत असतील तर बाहेरच्या बाकावर बसा. पनीर बर्गर दीडशेच्या आसपास.

"बर्गर हाय का दुमजली घर?" हंसा म्हणाली.

कुसुमनं तो सगळीकडून फिरवून पाहिला. कुठूनच जमेना. वेटरनं न मागता सुरी-काटा आणून ठेवला.

"सुरी नको," म्हणत तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. बर्गर चांगला होता.

दुपारी बोईसरला परतलो. कारखान्यांची पाळी सुटली होती, बर्गरच्या हातगाडीभोवती कामगारांची गर्दी.

"भैया, इसको दबाव," हंसानं फर्मान सोडलं.

"आंटी, टिक्की फट जाएगी."

"फटूं दे! आमची हाय, तुझी नाय."

त्यानं हसत तव्यावर दाबून चपटा करून दिला. कुसुमनं ओठांना लावला मात्र, आतली लाल चटणी झोंबली. डोळ्यांतून पाणी. वरून प्यायलेलं पाणी ओठांच्या कडेनं पदरावर. हंसानं आपल्या पदरानं ते टिपलं.

"घरी जाऊ या गं," मी म्हटलं.

"अजून एक," कुसुम म्हणाली.

रिक्षा केली. तारापूरचा रस्ता म्हणजे पुढे टँकर, मागे टँकर आणि कारखान्यांचा उग्र वास, नाकाला रुमाल हवाच. गावात एक बाई घराच्या ओट्यावर बर्गर करते, स्वस्त आणि साधा. मी सांगितलं, चटणी नको, चांगला दाबून द्या.

"दात दुखतात काय?" तिनं विचारलं.

"हो," कुसुम लगेच म्हणाली.

बाईनं पाव लोण्यात भाजला आणि वर पाण्याचा भरला तांब्या ठेवला. कुसुमनं दोन्ही हातांत धरून समोरचे दात रोवले, मान मागे ओढली. पाव तुटला. घास नखाएवढा, पण चघळायला इतका वेळ लागला की आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसलो. मग तिनं बर्गर आमच्यापुढे धरला.

"दात उठलेत बघा."

"उठलं गं बाय," हंसा म्हणाली आणि तिनं फोटो काढला. दुसरा घास कुसुमला जमला नाही. उरलेला तिनं कागदात बांधून घरी नेला.

ऑपरेशन झालं. आता नाकातल्या नळीतून पातळ पेज जाते, ती करायला रोज मीच जाते. बोलता येत नाही, म्हणून खुणेनं हंसाचा फोन मागते, त्यातला तो फोटो उघडते आणि पावावरच्या खुणेवर बोट ठेवते. ती खूण उठवणारे दात आता तोंडात नाहीत.

तारापूरला गेलात तर त्या ओट्यावर जा. बर्गर दाबून मागा. बाई विचारेल, दात दुखतात काय. हो म्हणा.