बी रुजण्याचा पाठ

माझ्या नणंदेला लहानपणापासून शिक्षिकाच व्हायचं होतं. शिक्षणशास्त्राच्या कॉलेजने तिला सराव पाठांसाठी आडबाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत पाठवलं, आणि पहिल्याच दिवशी ती घरी आली ती अंगावर मूठभर मांस चढवून. 'बी कसं रुजतं' हा पाठ तिने चौथीला शिकवला होता.

"वहिनी, माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर," ती म्हणाली.

"म्हणजे आता आम्हीही तुला अहोजाहो करायचं," तिचा दादा म्हणाला. हा माझा नवरा. बहिणीचं कौतुकही तो चिमटा काढूनच करतो.

दुसऱ्या दिवशी ती तोंड पाडून आली. उजळणी घेताना तिचे तक्ते मागेपुढे लागले, तर पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आधी कोंब असतो. पानं नंतर." मग सगळं बाहेर आलं. दरवर्षी कॉलेजची नवी तुकडी तिथे जाते. कपाटात तयार तक्ते आहेत ते याच पाठाचे, आणि नवे काढायचा सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून जो तो बीच पेरतो. चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. पोरं पहिलीपासून तेच ऐकत आलेली. कुठे नवल वाटून घ्यायचं तेही त्यांना पाठ.

नणंदेने पुस्तकातलं पुढचं पान वाचायला सांगितलं, तर कुणाला धड वाचता येईना. बारीक आवाजामुळे सगळे चिमणी म्हणायचे अशा एका मुलीने शब्दावर बोट ठेवलं आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, ओठांवरून काही कळतंय का म्हणून. चौथीतली पोर ती. ऐकून माझं डोकं फिरलं. शाळेला गुरुजी एकच, आणि तेही कायम वरून मागवलेली माहिती भरत बसलेले. ते तरी कुठे कुठे पुरे पडणार?

नणंद हट्टी. तिने तक्ते गुंडाळून ठेवले आणि रोज वाचन घ्यायला लागली. रोज घरी येऊन चिमणीचंच पुराण. आज तिने 'घर' वाचलं, आज 'नदी'. आम्हाला कंटाळा यायचा, पण तिचा चेहरा बघून कोण काय बोलणार?

शेवटच्या परीक्षेचा पाठही तिने वाचनाचाच घेतला. मागे खुर्चीवर कॉलेजचे सर बसलेले. परक्या माणसासमोर पोरांची दातखीळ बसली. चिमणी उभी राहिली, एक शब्द वाचला, दुसऱ्याशी अडली आणि रडायला लागली. सरांनी शेरा दिला: वर्गावर पकड नाही. फेरपाठ घ्यावा.

"कशाला नसती उठाठेव केलीत?" गुरुजी तिला म्हणाले. "बी पेरायचं, मार्क घ्यायचे, सुखाने घरी जायचं."

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. "मी तो बीचा पाठ परत घेणार नाही, दादा."

"नापास झालीस तर कुठल्याच वर्गात पाय ठेवता येणार नाही तुला," दादा म्हणाला. या वेळी चिमटा नव्हता. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, याचाच राग येतो.

तिने तक्ते पुन्हा उलगडले. फेरपाठाला पोरांनी बाईंची लाज राखली. कोंब, मुळं, पानं, सगळं बिनचूक. सगळ्यात मोठ्याने चिमणी बोलली; सरांनी तिची पाठ थोपटली आणि नणंदेला कॉलेजच्या तुकडीत पहिला नंबर दिला.

घरी येऊन ती चपलाही न काढता दारातच बसली. मी पाणी दिलं. ते तिने नुसतं हातात धरलं.

"वहिनी, सर गेल्यावर चिमणी आली माझ्याकडे. म्हणाली, बाई, आज मी बरोबर बोलले ना? मग आता वाचायला नको ना?"

"तू काय सांगितलंस?"

"सराव आजच संपला. उद्यापासून तिच्याजवळ बसणारं तिथे आहे कोण?" ती म्हणाली. "मी म्हटलं, नको."