मनाच्या तपासणीत 'बरं हाय'

मित्रांनो, पाठदुखीसाठी माझ्या मणक्याजवळ छोटं मशीन बसवायचं आहे. आधी मनाची तपासणी लागते, म्हणून आज सुनेबरोबर औरादहून कलबुर्गीला गेलो. घाबरट दिसलो तर मशीन मिळणार नाही, या धास्तीनं प्रत्येक प्रश्नाला "बरं हाय" म्हणालो.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अप्पा, सगळंच बरं हाय तर मशीन कामून बसवायलाव?"

सून म्हणाली, "मामा, रोज मोरीत नळ सोडून रडताव, ते सांगा की!"

तिला हे ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मग सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "भ्यालं म्हणून अडत न्हाई अप्पा, लपवलं की अडतंय."

निकाल सोमवारी आहे. तुमच्या घरी कोण नळ सोडून बसतं?