मशीन सुटावं म्हणून केलेलं पारायण

पोथी वाचता वाचता मला झोप लागायची. हे लिहितानाही लाज वाटते. सावद्याला आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरात मी दुपारी बायकांना पोथी वाचून दाखवते. शाळेत मास्तरीण होते, आवाज खणखणीत, त्यामुळे निवृत्तीनंतर ही सेवा मी आपणहून मागून घेतली. पण तीनेक वर्षांपूर्वी असं होऊ लागलं की ओवीच्या मध्येच डोळे मिटायचे, आणि जाग यायची ती स्वतःच्याच घोरण्याने. बायका चांगल्या, कुणी हसलं नाही. शेजारी बसणाऱ्या सिंधूअक्का हळूच ओळीवर बोट ठेवून द्यायच्या. मला मात्र वाटायचं, माझ्या भक्तीतच खोट आहे, म्हणून देव मला आपल्यासमोर जागं ठेवत नाही. मी रात्रीचं जेवण सोडलं, गुरुवार कडक केले. झोप काही हटली नाही.

शेवटी आमचे हे मला बळेच जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेले. झोपेची तपासणी झाली. झोपेत माझा श्वास पुन्हा पुन्हा थांबत होता. म्हणून रात्रभर झोपूनही मी सकाळी थकलेलीच उठायची. डॉक्टरांनी हवा ढकलणारं एक मशीन दिलं, नाकातोंडावर मुखवटा बांधून झोपायचं. आता माझं नाक म्हणजे लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरून पडून वाकडं झालेलं. एक नाकपुडी कायमची बंद. ती हवा नाकात शिरेना, तोंडातूनच आत जाई, घसा लाकडासारखा कोरडा पडे. आठ दिवसांत मी मशीन कपाटावर टाकलं. डॉक्टर म्हणाले, नाकातला पडदा शस्त्रक्रियेने सरळ करून घ्या, मग मशीन सोसेल. मी कसली ऐकते! मी सात दिवसांच्या पारायणाचा संकल्प केला: दत्तप्रभू, हे मशीन सुटू दे. तिसऱ्याच दिवशी पोथीवर डोकं टेकून मी झोपले आणि पारायण खंडित झालं. त्या दिवशी देव्हाऱ्यासमोर बसून मी रडले आणि देवाला चक्क म्हणाले, तुला मी नकोशी झाले असेन तर तसं सांग तरी.

पुढच्याच आठवड्यात धाकट्या बहिणीला भेटायला मी एकटीच धुळ्याला निघाले. जळगावहून एसटीत बसले. शेजारी बुरख्यातली एक म्हातारी बाई होती, हातात जपाची माळ. एरंडोल आल्याचं मला आठवतं, पुढचं काही नाही. जाग आली ती तिने खांदा हलवल्यावर. पारोळ्याचा स्टँड आला होता, तिला उतरायचं होतं, आणि उतरायच्या आधी तिला मला काही सांगायचं होतं.

"बहीन, झोपमा तुना दम अटकस," ती म्हणाली. "दम परत उना का मी एक मणी सरकाऊ, अल्लाना शुकर करू." तिने माळ पुढे धरली. श्वास परत आला की एक मणी, अशी अर्धी माळ सरली होती.

मी म्हटलं, "मशीन आहे घरी. लावत नाही मी."

"मन्हा धनी बी असाच घोरेत," ती उठता उठता म्हणाली. "एक दिन दम परत उनाच नई. लावत जाय व माय."

ती उतरून गेली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. धुळ्यापर्यंत मी टक्क जागी होते. दोन वर्षं मी देवाला विचारत होते की तू माझ्याकडे पाठ का फिरवलीस, आणि इथे एक परकी बाई, दुसऱ्या नावाने देवाला हाक मारणारी, माझ्या एकेका श्वासासाठी त्याचे आभार मानत बसली होती. माझ्या जिवाची एवढी काळजी मीसुद्धा कधी केली नव्हती.

परत आले आणि शस्त्रक्रियेला हो म्हटलं. आमचे हे म्हणाले, "दोन वर्षं मी बोंबललो ते ऐकलं नाही, अन् बसमधल्या बाईचं ऐकलं!" पण त्यांचे डोळे भरून आले होते. शस्त्रक्रिया जळगावलाच झाली. नाकात बोळे होते ते दिवस कठीण गेले. मग बोळे निघाले, सूज उतरली, आणि एका सकाळी दोन्ही नाकपुड्यांतून गार हवा आत गेली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा! मला वाटलं, सुटलं मशीन, नवस फळला. पुढच्या तपासणीला मी पेढे घेऊनच गेले. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि शांतपणे सांगितलं, "ताई, श्वास अडतो तो घशात. नाक सरळ झाल्याने तो आजार गेलेला नाही. पण आता मशीनची हवा सरळ आत जाईल, जोरही कमी लागेल, आणि नाकापुरता छोटा मुखवटा पुरेल. वापरायचं मात्र रोज."

दवाखान्याच्या पायरीवर मी बराच वेळ बसून राहिले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी मागितलं होतं की मशीन सुटू दे, आणि मला मिळालं होतं ते मशीन सोसण्याचं नाक. मग हळूहळू ध्यानात आलं की माझी सगळी प्रार्थना म्हणजे हुकूमच होता. काय द्यायचं तेही मी सांगायचं आणि कसं द्यायचं तेही मीच. मास्तरकीची सवय, दुसरं काय. देवाने माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मला जगवायला जे हवं होतं तेच दिलं.

आता मी रोज मशीन लावते. पहिले काही दिवस अवघड गेले, मग सवय झाली. दुपारी पोथीचा अध्याय पुरा होतो, आणि शेवटच्या ओवीला मी जागी असते. झोपताना पूर्वी मी हात जोडून कितीतरी मागण्या सांगायची. आता मुखवट्याचा पट्टा डोक्यामागे बांधायला दोन्ही हात लागतात, जोडायला एकही उरत नाही. पट्टा बांधते, डोळे मिटते, आणि काही मागत नाही. त्या वेळी मान आपोआप थोडी खाली झुकते, तेवढाच माझा नमस्कार.