बाबांचा पदर

वाघमारे सर काल गेले, आणि या शहरात माझं खरं माहीत असलेला एकमेव माणूस गेला.

सर आमच्याच बिल्डिंगमध्ये, चिकलठाण्याला, खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. आयुष्यभर पेपरात क्राईम रिपोर्टर. रिटायर झाल्यावर लहान मुलांसाठी गोष्टी लिहायला लागले.

मी तेव्हा कॉलेज सोडून घरी बसलेलो. कॉलेजात एकाला मारलं होतं. का मारलं, ते कुणालाच सांगितलं नाही.

स्नेहालाही नाही, आमचं जमलं होतं तरी.

ती म्हणाली, "कारण सांग, नाहीतर परत फोन करू नको."
मी केला नाही. नुसता तिचा डीपी बघत बसायचो. अजून बसतो.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी खालून हाक मारली. रिकामाच आहेस तर माझी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखव म्हणाले, ऐकताना चुका सापडतात.

गोष्टीतल्या पोराचे बाबा दारू पितात. पोरगं शाळेतून आलं की आधी खिडकीखाली उभं राहतं. आत टीव्हीचा आवाज मोठा असला की घरात जात नाही, दप्तरासकट बाहेरच खेळत बसतं.

असा खिडकीखाली मीही उभा राहिलेलो. तरी वाचत होतो.

मग हे वाक्य आलं.

'बाबांनी पदरानं माझं तोंड पुसलं.'

मी लई हसलो. "सर, बाबांना साडी नेसवली का?"

सर हसले नाहीत. काळा गॉगल होता, डोळे दिसत नव्हते.
"सगळीकडं बदललं होतं रे. एवढं एक राहिलं."

मला लगेच कळलं. मला नाही तर कुणाला कळणार?

"आई?"
"व्हय."

प्रकाशक म्हणाले होते, पिणारा बाप चालेल, पिणारी आई मुलांच्या पुस्तकात नको. म्हणून सरांनी स्वतःच्या आईचे बाबा केले होते.

मी म्हटलं, "आमच्याकडं पण मम्मीच."

आयुष्यात पहिल्यांदा बोललो हे. सरांनी कधीपासून, किती, काहीच विचारलं नाही. "जेवलास का?" म्हणाले आणि खिचडी टाकली.

मग मी रोज खाली. रोज भांडण. मी म्हणायचो, परत आई करा. ते म्हणायचे, छापणार कोण? मी प्रकाशकाला शिव्या घालायचो.

स्नेहाचंही सांगितलं होतं त्यांना. एकदा म्हणाले, "मला आई लिहायला सांगतोस. तू त्या पोरीला सांगितलंस का?"

दार आपटून निघून आलो. बरेच दिवस फिरकलो नाही.

परत गेलो तर सरांनी सगळीकडं आई केलं होतं. प्रकाशकानं पुस्तक परत पाठवलं होतं.
"माझं झालं," म्हणाले आणि ते कागद माझ्या हातात दिले. "आता तुझी पाळी."

मी नुसतं हो हो करत राहिलो. आणि काल सर गेले.

आज मम्मी मेथी निवडत होती. तिला विचारलं, सरांवर लिहितोय, आपलं पण लिहू का?
तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "लिही. पण सकाळचा डबा मीच भरते, तेबी लिही."

तर लिहितो.

माझी मम्मी दारू पिते. सकाळचा डबाही तीच भरते. कॉलेजात एकानं काही माहीत नसताना तिच्यावर जोक मारला, म्हणून मी त्याला मारलं.

स्नेहा, कारण एवढंच होतं. फोन नाही केलास तरी चालेल.

सर, तुमच्या दाराला कुलूप आहे. जिना उतरताना हात आपोआप बेलकडं जातो.

पुस्तक छापलं नाही कुणी. पण मी आज ते परत मोठ्यानं वाचलं. ऐकायला कुणी नव्हतं.

'आईनं पदरानं माझं तोंड पुसलं.'

आता चूक नाय, सर.

शेवटचा जय भीम.