लोखंडी खुर्ची आणि तीन कारणं

हे सगळं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सरांच्या घरून निघून झाशीतल्या लक्ष्मी तालच्या, तळ्याच्या वळणापर्यंत आलो होतो. खिसा चाचपला. रेकॉर्डर नाही. त्यात माझ्याकडे येणाऱ्या लोकांचं बोलणं होतं; ते कुणाच्या घरी टाकून चालत नाही. परत फिरलो. फाटक उघडंच. अंगणात मी बसायचो ती खुर्ची आडवी केलेली. लोखंडी, घडीची. सरांच्या पत्नी तिच्यावर तांब्यानं पाणी ओतत होत्या. वेताच्या पाच खुर्च्या आत, कोरड्या, जिथल्या तिथं.

"अहो, काही विसरलात?"

"रेकॉर्डर."

"धूळ फार बसते हो हिच्यावर."

"हो ना," मी म्हणालो.

हो ना. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि एवढंच.

मी समुपदेशक आहे. ओरछा गेटजवळ एका खोलीत बसतो. लोक येतात, मन मोकळं करतात. आमच्या कामात रीत अशी की आपणही आपलं काम एखाद्या जाणत्या माणसाला दाखवायचं. बोलण्याची ध्वनिफीत ऐकवायची, नाव-गाव बदलून. कुठं चुकलो ते त्यानं सांगायचं. याला सुपरव्हिजन म्हणतात. दर पंधरा दिवसांनी शनिवारी आम्ही सहा जण सरांकडे जायचो. ठरलेले तास भरले की सर सही करणार, मग माझं प्रमाणपत्र. त्या सहीवर माझं सगळं अडलेलं.

बाकीचे पाच हिंदीवाले. माझं आडनाव त्यांना काही सांगत नाही. सरांना सगळं सांगतं. त्यांचे पूर्वज पेशवाईत अंमलदार म्हणून झाशीत आले. माझे वडील भुसावळकडून आले, रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांखालची खडी ठोकायला. पहिल्या दिवशी सर खुशीत म्हणाले, "वा, आपल्यातलं कुणी भेटलं!" मग आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर आतून लोखंडी खुर्ची आली. बाकीच्यांना 'जी', मला 'तू'. मला वाटलं, मराठी म्हणून जवळीक. नाही, तसं वाटलं नव्हतं. तसं वाटून घेतलं होतं.

खुर्ची धुताना पाहिली, तरी पुढच्या शनिवारी गेलो. तिच्यावरच बसलो.

त्या दिवशी माझी पाळी होती. एका सरकारी कार्यालयातल्या कारकून बाईंचं बोलणं ऐकवलं. त्यांचा आवाज खोलीत भरला: "भाईसाहब, मैं कुर्सी से उठती हूँ तो बड़े बाबू पहले अख़बार बिछाते हैं, फिर बैठते हैं। किसी और के बाद नहीं। सिर्फ़ मेरे बाद।"

लोखंड मांडीखाली गार लागलं.

सरांनी ध्वनिफीत थांबवली. "तुम्ही लोक आधी जात शोधता, मग दुखणं," मला मराठीत. मग सगळ्यांना हिंदीत, "यह शक का मामला है। इनसे कहो, अख़बार के तीन और कारण लिखकर लाएँ।" कुणीतरी हसलं, "सर जी, एक कारण तो बवासीर है।" मूळव्याधीच्या विनोदावर सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या भेटीत मी त्या बाईंना तेच सांगितलं. त्यांनी वहीचा कागद लिहून आणला. धूल. गर्मी. आदत. पहिलंच कारण धूळ. त्या शब्दावरून माझी नजर हलेना.

"बढ़िया," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घातली. माझ्याकडे बघत राहिल्या. "भाईसाहब, आपके साथ कभी ऐसा हुआ है?"

समुपदेशकानं स्वतःचं सांगू नये, असं आम्हाला शिकवतात. त्या नियमाआड लपता आलं असतं. मी तेवढंही केलं नाही. सरळ म्हणालो, "नहीं।"

त्या परत आल्या नाहीत.

दोन आठवडे वाट पाहिली. मग शनिवार आला. बाई आल्या नाहीत, असं सांगितल्यावर सर म्हणाले, "लिही, रुग्णाला स्वतःच्या आजाराची जाण नाही. फाइल बंद कर." तासांचा कागद त्यांच्या पुढ्यात, पेन उघडं. फक्त सही बाकी.

मी उभा राहिलो. हिंदीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. "सर, मेरे जाने के बाद यह कुर्सी धोई जाती है। मैंने देखा है।"

दारात सरांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन थबकल्या.

सर मराठीत म्हणाले, "तू दमलायस. बस खाली. त्या बाईचं दुखणं तू अंगाला लावून घेतलंयस."

"फिर तीन कारण बताइए, सर। लिखकर।"

"सही हवीय ना तुला?"

"इस कुर्सी पर बैठकर नहीं।"

खुर्ची मीच घडी केली. भिंतीला टेकवली. कागद तिथंच ठेवून निघालो. मागून कुणी हाक मारली नाही. त्या पाचांपैकी कुणाचा आजतागायत फोनही नाही.

प्रमाणपत्र गेलं. दुसरा सुपरव्हायझर शोधतोय. तास पहिल्यापासून मोजले जातील. मोजू देत. त्याचं दुःख मी करत नाही. सर कसे आहेत, ते मला आधीच माहीत होतं. मी कसा आहे ते त्या बाईंसमोर कळलं. बड़े बाबूंनी खुर्चीवर अख़बार पसरला. मी तो त्या बाईंच्या मनात पसरला. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं मी त्यांच्याकडूनच खोटं ठरवून घेतलं. आणि मला खरं काय ते ठाऊक होतं.

फाइल मी बंद केलेली नाही. 'जाण नाही' हे लिहिलेलं नाही, लिहिणार नाही. त्यांच्या नंबरावर उद्या सकाळी फोन करणार. त्या उचलतील, न उचलतील; माफ करतील, शिव्या देतील, तो त्यांचा हक्क. मी परत बोलावणार नाही, समजावणार नाही. एवढंच सांगणार, की तुम्ही पाहिलं ते खरं होतं. तुम्ही विचारलं होतं, माझ्याबरोबर असं कधी झालंय का. मी खोटं बोललो.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्यांना अजून द्यायचं आहे.