मंदाताई आणि फ्लोरिडातलं एक मत

मंदाताई गेल्याचं हॉस्पिटलमधून कळलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या मुलाचा. निखिलला येता येणार नव्हतं. हॅमिल्टनपासून अमेरिकेची हद्द गाडीनं तासाभरावर, पण त्याच्या नावावर तिकडे गुन्हा आहे आणि अशा माणसाला कॅनडा सहजी आत घेत नाही. खास परवाना मागावा लागतो, त्याला वेळ लागतो. मी फ्लोरिडाला त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच करा सगळं. प्लीज." विहारातल्या मंडळींनी वंदना घेतली, तेव्हा मी सेलफोन स्पीकरवर टाकून ताईंच्या उशाशी धरून उभी होते. पलीकडून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

ताई मूळच्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी नोकरी केली. आमची ओळख बिल्डिंगच्या लॉन्ड्रीरूममध्ये झाली आणि पुढं त्यांचे यजमान वारल्यावर मी त्यांच्याच घरची होऊन गेले. इथं येण्याआधी यजमानांच्या नोकरीमुळे त्या टॅम्पाला होत्या. निखिलचा जन्म तिथलाच, म्हणून तो अमेरिकन नागरिक. यजमानांना इथल्या स्टील प्लांटमध्ये काम मिळालं तेव्हा तो कॉलेजला लागला होता, तो तिथंच राहिला. यथावकाश ताई कॅनडाच्या नागरिक झाल्या आणि इथलं एकही मतदान त्यांनी चुकवलं नाही, अगदी स्कूलबोर्डाचंसुद्धा. सकाळीच, कोटाच्या आत इस्त्रीची सुती साडी नेसून जायच्या. "माझे वडील मतदानाला धुतलेलं धोतर नेसून जायचे," त्या सांगायच्या. "गावात पाटलाच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती. पण त्या रांगेत पाटील मागं अन् माझे वडील पुढं."

दोन हजार सालच्या अमेरिकन निवडणुकीत फ्लोरिडाची मतमोजणी आठवडेच्या आठवडे चालली होती. एका संध्याकाळी ताई भांडी विसळत होत्या, मी पुसत होते. मी विचारलं, "अहो ताई, देशभरात ज्याला जास्त मतं, तोच हरतोय, हे कसं?"

"अगं, तिथं मतं राज्याराज्यानं मोजतात. प्रत्येक राज्याच्या वाट्याला काही ठरलेली मतं असतात. बहुतेक ठिकाणी जो पुढं, त्याला राज्याची सगळीच्या सगळी. आता फ्लोरिडात काहीशे मतांनी पुढं असला तरी अख्खं फ्लोरिडा त्याचं, अन् फ्लोरिडा ज्याचं त्याचा देश." मग हात पुसून त्यांनी निखिलला फोन लावला. तो मत द्यायला गेलाच नव्हता.

"काऊन नाही गेला तू?"

"आई, माझी मिडटर्म परीक्षा होती. इट्स जस्ट वन व्होट."

त्यांनी फोन ठेवला आणि कितीतरी दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं.

पुढं काही वर्षांनी निखिलनं पिऊन गाडी चालवली आणि समोरच्या गाडीतल्या बाईचे दोन्ही पाय मोडले. तुरुंग झाला, मग प्रोबेशन. ताई सुट्ट्या साठवून त्याला भेटायला जायच्या. त्यानं शिक्षा टाळायचा प्रयत्न करू नये, असं त्यांनीच त्याला बजावलं होतं. शिक्षा संपली तेव्हा २००८ची निवडणूक तोंडावर होती आणि या खेपेला त्याला मनापासून मत द्यायचं होतं. तेव्हा कळलं, फ्लोरिडात असा गुन्हा सिद्ध झाला की शिक्षा भोगून झाल्यावरही मताचा हक्क आपोआप परत येत नाही. तो राज्याकडे मागावा लागतो. नुकतेच नियम सैल झाले होते, पण त्याच्या गुन्ह्यात माणूस जखमी झालेला, म्हणून त्याचा अर्ज चौकशीच्या रांगेत गेला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या राज्यात असता तर कदाचित दिलंही असतं मत. गाडीचं लायसन्स मात्र त्याला परत मिळालं होतं.

ताईंना हेच कळेना. "गाडी चालवू देतात, अन् मत नाही?" एवढंच म्हणत बसायच्या. मग एक दिवस त्याला म्हणाल्या, "तुला नाही देता येत ना, मग ज्यांना जाता येत नाही त्यांना घेऊन जा." आणि तो खरंच जाऊ लागला, एका चर्चच्या लोकांबरोबर, म्हाताऱ्या माणसांना गाडीतून मतदानाला न्यायला. २०११मध्ये नियम पुन्हा कडक झाले. आता नुसता अर्ज करण्याआधीच शिक्षा संपल्यापासून काही वर्षं थांबणं आलं. ताई त्या बातमीनंतर थकल्यासारख्या दिसू लागल्या. आजार आधीच सुरू झाला होता म्हणा... पण मला तो थकवा वेगळा वाटायचा.

त्यांच्या अस्थी घेऊन मी हद्द ओलांडली. निखिल टॅम्पाहून विमानानं बफेलोला आला होता. हायवेलगतच्या एका कॉफीशॉपमध्ये आम्ही बसलो. त्यानं कलश मांडीवरच ठेवला, कॉफी निवून गेली. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे.

"शेवटी काही म्हणाली का?"

"तुझं मताचं झालं का, म्हणून विचारत होत्या. नर्सलासुद्धा विचारलं."

तो हसला, आणि मग त्यानं तोंडावर हात धरला.

२०१२च्या नोव्हेंबरात निवडणूक झाली. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. रांगा फार लांब होत्या. त्यानं आणलेल्या एक आजी उभ्या राहून थकल्या, तर हा कुठून तरी खुर्ची मागून आणून रांगेबरोबर ती पुढं पुढं सरकवत राहिला. तिथं एका कार्यकर्त्यानं विचारलं, "तुम्ही नाही देणार?" हा नुसता मान हलवून बाहेर आला.

"मावशी," तो म्हणाला, "आई दर रविवारी विचारायची. मी चिडायचो. पण आता कुणी विचारतच नाही."

आता रविवारी सकाळी चहा ठेवला की मी त्याला फोन लावते आणि ताईंच्याच शब्दांत विचारते, "झालं का रे?" तो म्हणतो, "नॉट येट, मावशी." मग आम्ही हवापाण्याचं बोलतो.