अमावास्येला पंप खोलणार

मैत्रिणींनो, आधी माझी चूक सुधारते. आमच्या ट्रकचा पाण्याचा पंप गळतोय, असं काल मी मंडळाच्या फळ्यावर लिहिलं. तो अजून गळत नाही. पण या इंजिनात आधी तोच जातो, हे बाबांनी मला लहानपणीच हातात पाना देऊन शिकवलंय.

आज घाटकोपरच्या गॅरेजात मिस्त्री हसले. "चालू गाडी कशाला खोलतेस गं? गळला की बघू."

"घाटात गळला आणि इंजिन तापून जाम झालं तर? गाडी माझा दादा चालवतो!"

"मग गाडी उभी कधी असते?"

"फक्त अमावास्येला. अशुभ म्हणून दादा त्या दिवशी गाडी काढत नाही."

"अमावास्येला कोणी पाना लावतं का?"

भीती मलाही वाटते, पण घाटाची जास्त. तुम्ही थांबला असतात? मी नाही थांबणार. नवा पंप मीच बसवणार, येत्या मंगळवारी, अमावास्येलाच, सकाळी आठ वाजता.